‘देवानेच वाचवलं!’ वादळातून थोडक्यात बचावलेली माणसं असं का म्हणतात आणि पुढच्या वादळात त्याचं काय होतं?

३ जून २०२० ची दुपार. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. कित्येक गावं पुढे बरेच दिवस अंधारात होती. त्यात कोरोनाचा लॉकडाऊन.

या सगळ्यातून जी कुटुंबं सुखरूप बाहेर आली, त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास होतं. “देवानेच वाचवलं.”

हे वाक्य कुठल्याही वादळानंतर, पुरानंतर, अपघातानंतर ऐकू येतं. आणि सोशल मीडियावर ते आलं की कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक गट हात जोडलेले इमोजी टाकतो. दुसरा विचारतो, “मग शेजाऱ्याचं घर पडलं, तेव्हा देव कुठे होता?” पुढे शंभर कमेंट आणि निष्पन्न काहीच नाही.

या भांडणात एक कामाचा प्रश्न मात्र राहून जातो. थोडक्यात वाचलेलं कुटुंब पुढच्या वादळाच्या वेळी कसं वागतं? कोकणासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही. ‘निसर्ग’ला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ त्याच किनाऱ्यालगत वर सरकलं. ज्यांचं छप्पर नुकतं शाकारून झालं होतं, त्यांच्या डोक्यावर पुन्हा वारा आला.

म्हणून आज हे सगळं जरा नीट समजून घेऊया.

एक घर पडतं, शेजारचं राहतं. असं का?

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यासमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण किनाऱ्यावरच्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं. कौलारू घर, मागे परसात पाच-सहा माड. घरात आजी, आई-बाबा आणि दोन मुलं. वारा वाढला तेव्हा आजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. देवापुढचा दिवा विझला असेल म्हणून त्या उठून देवघराकडे गेल्या. तेवढ्यात मागचा माड कोसळला, थेट स्वयंपाकघरावर. आजी ज्या पाटावर बसल्या होत्या, तिथे कौलांचा आणि वाशांचा ढीग.

आता हे घर पुढची पन्नास वर्षं काय सांगणार? “दिवा लावायला उठले म्हणून वाचले.” आणि ते खोटंही नाही. त्या खरंच दिवा लावायला उठल्या म्हणून वाचल्या.

आता विज्ञान काय म्हणतं ते बघू.

पहिली गोष्ट म्हणजे वादळाचा मार्ग. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेने पुढे सरकतं, त्याच्या उजव्या बाजूला फिरणाऱ्या वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग यांची बेरीज होते. डाव्या बाजूला वजाबाकी. त्यामुळे केंद्रापासून सारख्याच अंतरावर असलेल्या दोन गावांचे हाल सारखे नसतात.

‘निसर्ग’च्या वेळी मुंबईला मोठा तडाखा बसेल अशी भीती होती. वादळ मुंबईच्या बरंच दक्षिणेला जमिनीवर आलं आणि ईशान्येकडे गेलं. मुंबई त्याच्या डाव्या बाजूला राहिली. “मुंबई वाचली” हे खरंच, पण ते वादळ विरून गेलं म्हणून नाही. ते श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांनी झेललं म्हणून.

दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याचा जोर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेलं छप्पर १२० च्या वाऱ्यात टिकेलच असं म्हणूनच सांगता येत नाही. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार किंवा खिडकी फुटली, तर हवा आत घुसून छपराला खालून वर ढकलते आणि त्याच वेळी बाहेरून जाणारा वारा ते वर ओढतो. एका घराची कडी टिकली आणि दुसऱ्याची निखळली, एवढ्यावरही दोन घरांचं नशीब बदलतं.

तिसरी गोष्ट म्हणजे झाडं. माडाला सोटमूळ नसतं, तंतुमुळांचा झुबका असतो. पावसाने जमीन भिजून मऊ झाली की उंच माड मुळासकट उलटू शकतो. कुठल्या बाजूला पडेल ते वाऱ्याची दिशा ठरवते.

म्हणजे माड का पडला, घरावरच का पडला, हे बऱ्यापैकी सांगता येतं. पण आजी उठल्यावर दोन मिनिटांनीच का पडला? याला विज्ञानाकडे ‘योगायोग’ यापलीकडे उत्तर नाही. आणि ज्याच्या घरातलं माणूस त्या दोन मिनिटांनी वाचलंय, त्याचं ‘योगायोग’ या शब्दाने समाधान होत नाही. वादळ कसं आलं हा त्याचा प्रश्नच नसतो. त्याचा प्रश्न असतो, “आम्हीच कसे वाचलो?” श्रद्धा नेमकी या जागेवर येऊन बसते.

संकटानंतर श्रद्धा खरंच वाढते का?

यावर अभ्यास झालेत. २२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात मोठा भूकंप झाला, १८५ माणसं गेली. योगायोगाने त्या देशात एक मोठा सर्व्हे आधीपासून सुरू होता, त्यात त्याच त्याच लोकांना दरवर्षी प्रश्न विचारले जात होते. त्यामुळे भूकंपाआधीची आणि नंतरची उत्तरं ताडून बघता आली. ख्रिस सिबली आणि जोसेफ बुल्बुलिया या संशोधकांनी ते काम केलं.

देशात इतरत्र धर्म मानणाऱ्यांचं प्रमाण घसरत होतं. भूकंपाची थेट झळ बसलेल्या लोकांमध्ये मात्र ते वाढलेलं दिसलं.

पण थांबा, याच अभ्यासातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. श्रद्धेकडे वळलेल्यांची तब्येत त्यामुळे सुधारली, असं काही आढळलं नाही. उलट भूकंपाची झळ बसलेल्यांपैकी ज्यांची असलेली श्रद्धा सुटली, त्यांना आपली तब्येत ढासळल्याचं जाणवत होतं. म्हणजे श्रद्धा हे काही औषध ठरलं नाही. पण संकटाच्या ऐन वेळी हातातला आधार सुटणं मात्र महागात पडलेलं दिसतं.

कोपनहेगन विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ जेनेट बेंटझेन यांनी जगभरातल्या अनेक प्रदेशांची माहिती तपासली. भूकंपांचा फटका बसलेल्या प्रदेशांत लोक जास्त धार्मिक असल्याचं त्यांना दिसलं. जिथे भूकंप सहसा होत नाहीत आणि अचानक झाला, तिथे हा परिणाम आणखी ठळक होता. जे आधी कळू शकत नाही, त्याच्यासमोर माणूस हात जोडतो.

चक्रीवादळाचं इथे जरा वेगळं आहे. वादळ येणार हे आता काही दिवस आधी कळतं. पण माड कुणाच्या स्वयंपाकघरावर पडणार, हे कुठलाच उपग्रह सांगू शकत नाही.

श्रद्धा एकच, वागण्याच्या तऱ्हा तीन

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संकटात लोक धर्माचा आधार कसा घेतात यावर अनेक वर्षं काम केलं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अडचणीच्या वेळी माणसं देवाशी कशी वागतात याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. आपल्याकडे त्यातल्या बऱ्याचशा म्हणींतूनच कळतात.

पहिली तऱ्हा : सगळं देवावर सोडायचं. “देव तारी त्याला कोण मारी” किंवा “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.”

दुसरी तऱ्हा : देव असेल-नसेल, माझं मलाच निस्तरायचंय. “आपला हात जगन्नाथ.”

तिसरी तऱ्हा : देव आणि मी मिळून. “प्रयत्नांती परमेश्वर.”

पहिल्या आणि तिसऱ्या तऱ्हेच्या माणसाचा देव तोच, देवघर तेच, नवसही तोच. फरक दिसतो तो सरपंच किंवा पोलीसपाटील दारात येऊन “चला, शाळेत जाऊया” म्हणतात तेव्हा. एक जण म्हणतो, “आम्ही कुठे येत नाही, देव आहे.” दुसरा देवाला नमस्कार करतो, गॅस बंद करतो आणि आजींचा हात धरून निघतो.

पार्गामेंटने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. श्रद्धा आधार देते, तशीच ती टोचूही शकते. “देवाने आपल्याला शिक्षा केली”, “देवाने आपल्याला सोडलं” असं ज्यांना वाटतं, ते संकटानंतर जास्त खचतात. म्हणूनच “आमची पुण्याई होती म्हणून वाचलो” हे वाक्य बोलताना जरा आजूबाजूला बघायला हवं. शेजारच्या घरात कुणी गेलं असेल, तर त्यांना त्यातून “तुमची पुण्याई कमी पडली” एवढंच ऐकू येतं.

थोडक्यात वाचणं धोक्याचं का असू शकतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकदा वाचलेला माणूस पुढच्या वेळी जास्त सावध होतो की जास्त बिनधास्त?

अमेरिकेत रॉबिन डिलन, कॅथरीन टिन्सली आणि मॅथ्यू क्रोनिन या संशोधकांनी चक्रीवादळाच्या संदर्भात हेच तपासलं. उत्तर आलं : दोन्ही होऊ शकतं. आपण ती सुटका कशी आठवतो, यावर ते अवलंबून असतं.

‘मागच्या वेळी वादळ आलं, पण काही झालं नाही’ अशी आठवण असलेली माणसं पुढच्या वेळी कमी तयारी करतात. वादळ तेवढंच धोकादायक असलं तरी त्यांना भीती कमी वाटते. याउलट ‘मागच्या वेळी थोडक्यात निभावलं, जीवच जायचा’ अशी आठवण असेल, तर तीच माणसं सावध होतात.

आपल्या काल्पनिक घरात हे लावून बघा. घटना एकच. पण सांगणं दोन प्रकारचं होऊ शकतं.

एक : “एवढं मोठं वादळ आलं, पण देवाच्या कृपेने आमच्या घरातल्या कुणाला खरचटलंही नाही. या घराला काही होत नाही.”

दोन : “देवाच्या कृपेने वाचलो. दोन मिनिटं उशीर झाला असता तर आजी गेल्या होत्या. तो माड आधीच एका बाजूला झुकला होता, तो उतरवायला हवा होता. आणि त्या दिवशी घरात थांबायलाच नको होतं.”

देवाचे आभार दोन्हींत आहेत, श्रद्धा दोन्हींत आहे. पण पहिली गोष्ट ऐकून मोठी झालेली मुलं पुढच्या वादळात घरात थांबतील. दुसरी ऐकून मोठी झालेली मुलं वेळेत बाहेर पडतील.

जे वाचले नाहीत, ते सांगायला येत नाहीत

दोन हजार वर्षांपूर्वीचा एक किस्सा आहे. रोमन लेखक सिसेरोने तो नोंदवून ठेवलाय. डायगोरस नावाचा एक ग्रीक माणूस देव मानत नसे. त्याला एका मित्राने मंदिरातली चित्रं दाखवली. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडताना ती वाहिलेली होती. हे बघ, देव वाचवतो, असं मित्राचं म्हणणं. डायगोरसने विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत?

आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या फीडवर फक्त वाचलेल्यांच्या पोस्ट येतात. “आम्ही घर सोडलं नाही आणि काही झालं नाही” असं सांगणारा माणूस भेटतो. ज्याने घर सोडलं नाही आणि जो गेला, तो भेटत नाही.

तौक्तेच्या वेळी मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रात शोध घेऊन त्यातल्या १८० हून जास्त जणांना वाचवलं. बाकीचे परतले नाहीत. त्या रात्री पाण्यात तरंगताना वाचलेल्यांनी आणि न वाचलेल्यांनी, दोघांनीही आपापल्या देवाला हाक मारली असेल. म्हणून एखाद्याच्या सुटकेचं कारण त्याच्या प्रार्थनेत आणि दुसऱ्याच्या मृत्यूचं कारण त्याच्या कमी श्रद्धेत शोधायला जाऊ नये.

जगन्नाथाच्या पुरीत काय झालं?

आता तुम्ही म्हणाल, माणसं एवढी श्रद्धाळू असताना ती घर-देवघर सोडून बाहेर पडतील का? पडतात. याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे.

२९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आलं. जवळपास १० हजार माणसं गेली. समुद्राचं पाणी गावांमध्ये शिरलं आणि पळायला उंच, पक्की जागाच नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्याने आपत्तीच्या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे बांधले. इशारा शेवटच्या घरापर्यंत कसा पोहोचवायचा, कुणी कुणाला न्यायचं, याचे सराव सुरू झाले.

३ मे २०१९ ला ‘फनी’ हे अतितीव्र चक्रीवादळ थेट पुरीजवळ धडकलं. जगन्नाथाचं पुरी, देशातल्या सगळ्यात श्रद्धाळू शहरांपैकी एक. त्याआधी राज्यात सुमारे १२ लाख माणसांना सुरक्षित जागी हलवण्यात आलं होतं. घरांचं, झाडांचं, विजेच्या यंत्रणेचं प्रचंड नुकसान झालं, पण मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला. १९९९ चं वादळ फनीपेक्षा जास्त ताकदीचं होतं, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही एवढा मोठा फरक नुसत्या वाऱ्याच्या वेगाने पडत नाही.

एवढी माणसं निवाऱ्यात गेली म्हणून त्यांची जगन्नाथावरची श्रद्धा कमी झाली, असं कुणीच म्हणणार नाही. निवारा जवळ होता, इशाऱ्यावर विश्वास होता आणि न्यायला कुणीतरी दारात आलं होतं. माणसं जागची हलत नाहीत, तेव्हा दोष दरवेळी श्रद्धेचाच असतो असं नाही. कधी जायला जागा नसते, कधी दावणीला गाय असते, कधी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, कधी मागच्या तीन इशाऱ्यांच्या वेळी काहीच झालेलं नसतं. “अंधश्रद्धाळू लोक” म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण त्याने यातली एकही अडचण सुटत नाही.

मग आपण काय करायचं?

घरातलं मोठं माणूस “देवाने वाचवलं” म्हणालं, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यातून आजींचा देव जाणार नाही आणि तुमचं म्हणणंही त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्यापेक्षा पुढचा प्रश्न विचारा. “खरंय आजी. पण पुन्हा वादळ आलं तर आपण कुठे जायचं?” इथून कामाचं बोलणं सुरू होतं. त्यासाठी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

१. हवामान विभाग किनाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने इशारे देतो. पूर्वसूचना साधारण तीन दिवस आधी, सतर्कतेचा इशारा दोन दिवस आधी आणि धोक्याचा इशारा एक दिवस आधी. बाहेर पडायचं ते वारा सुरू व्हायच्या आधी. वारा सुरू झाल्यावर रस्ताच धोक्याचा होतो.

२. अंदाजाच्या नकाशावरची मधली रेघ म्हणजे वादळाचा पक्का रस्ता नाही. एक दिवस आधीच्या अंदाजातही काही दहा किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकतं. रेघ शेजारच्या तालुक्यातून जातेय म्हणून निर्धास्त राहू नका.

३. वादळाचा मध्यभाग, म्हणजे ‘डोळा’, गावावरून जात असेल तर वारा अचानक पडतो. कधी कधी आकाशही उघडतं. वादळ संपलं असं समजून लोक बाहेर येतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने सुरू होतो. अधिकृत सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका.

४. घर कच्चं असेल, घरावर झाड झुकलं असेल किंवा समुद्र-खाडी जवळ असेल, तर शाळा, समाजमंदिर किंवा पक्कं मंदिर यांपैकी प्रशासनाने ठरवलेली जागा आधीच बघून ठेवा. आजारी आणि वृद्ध माणसांना कोण नेणार, हेही ठरवा.

५. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, राज्याचा १०७०. दोन्ही मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि भिंतीवरही लिहून ठेवा. लाइट गेल्यावर मोबाइलची बॅटरी किती टिकेल, सांगता येत नाही.

६. शाकारणी करतानाच झुकलेली झाडं, सुटे पत्रे, ढिल्या कड्या बघून घ्या. वादळाच्या दिवशी छपरावर चढायची वेळ येऊ देऊ नका.

आणि एक शेवटचं काम. तुमच्या घरात वादळातून, पुरातून वाचल्याची अशी एखादी गोष्ट असेल, तर ती पुन्हा एकदा पूर्ण विचारा. वारा किती वाजता वाढला, कोण कुठे बसलं होतं, दार कुणी ठोठावलं, कुठलं झाड कुठे पडलं, काय करायचं राहिलं होतं. आजींना त्यांच्याच शब्दांत सांगू द्या, देवासकट. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा. घरातल्या सगळ्यात लहान मुलाला ती पाठ असायला हवी, दोन मिनिटांच्या फरकासकट.